सुळक्यावरचं निशाण

घाटमाथ्यावरच्या एका गावामागे एक उंच सुळका उभा होता. पावसाळा सरला की त्याच्या उतारावर सोनकीची पिवळी फुलं पसरत आणि सकाळचे ढग त्याच्या कमरेला अडकून राहत. लांबून पाहणाऱ्याला तो फार देखणा वाटे. चढणाऱ्याला मात्र शेवटच्या कातळावर हातापायांच्या बोटांनी धरत, पोट दगडाला घासत वर सरकावं लागे.

दर दसऱ्याला त्या सुळक्यावर नवं निशाण लावायची गावाची रीत होती. हे काम सुभानराव पाटलांचं. तरुणपणापासून ते दरवर्षी वर जात आणि निशाण लावूनच खाली उतरत. पाटील कधी अर्ध्यातून फिरले नाहीत, असं गाव पाहुण्यांना अभिमानानं सांगे. सुभानरावांनाही ते ऐकायला आवडे.

त्या वर्षी त्यांची मुलगी यमुना लग्नानंतर पहिल्यांदाच दसऱ्याला माहेरी आली होती. बरोबर तिचा नवरा हैबती होता. हैबती सपाट मुलखातला, नदीकाठचा. अंगानं धडधाकट, पण डोंगर त्यानं लांबूनच पाहिलेला. जावयानं सासऱ्याबरोबर एकदा तरी वर गेलंच पाहिजे, असा गावकऱ्यांनी आग्रह धरला. तो हसून तयार झाला. यमुनेनं दोघांना भाकरी बांधून दिली.

सकाळी दोघं निघाले. कारवीच्या रानातून खिंडीपर्यंतची वाट सोपी होती. हैबती मध्येच थांबून खालची दरी बघे, फुलं बघे आणि पुन्हा झपझप चालू लागे. खिंडीत भाकरी खाऊन ते घसाऱ्याला लागले. तिथे पायाखालचे दगड सुटत होते. एक पाऊल वर टाकलं की अर्धं पाऊल खाली येत होतं. हैबतीचं बोलणं कमी झालं. तेवढ्यात वर ढग उतरला आणि एक जोरदार सर येऊन गेली.

दोघं शेवटच्या कातळाखाली पोहोचले तेव्हा कातळ ओला होता. शेवाळ अजून वाळलेलं नव्हतं. दोघंही एका कपारीत टेकले.

आदल्या वर्षीच सुभानरावांना हा कातळ जड गेला होता, पण ते कोणाला बोलले नव्हते. आज तर दगड ओला होता. परत फिरावं, असं त्यांच्या मनात आलं. पण जावयासमोर कसं म्हणायचं? पाटील म्हातारे झाले, असं उद्या गावभर होईल.

खाली बघितलं की हैबतीचं डोकं गरगरत होतं. त्यालाही परत फिरायचं होतं. पण सासऱ्यासमोर कसं म्हणायचं? पाटलांचा जावई भित्रा निघाला, असं लोक यमुनेला ऐकवतील.

शेवटी सुभानरावांनी विचारलं, "काय, निघायचं ना?"

त्यानं नको म्हणावं, अशी त्यांची मनातून इच्छा होती.

हैबती म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, मामा."

त्यांनी राहू दे म्हणावं, याची तो वाट बघत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सुभानराव उठले. ते उठले म्हणून हैबतीही उठला. त्यानं निशाण पाठीला बांधलं आणि सासऱ्याला त्रास नको म्हणून तोच पुढे झाला.

कातळ अर्धा चढून झाल्यावर त्याचा पाय शेवाळावरून सटकला. तो ओरडला नाही. सुभानरावांच्या बाजूनं तो खाली गेला आणि घसाऱ्यावर आपटला. त्याच्यामागून दगड गडगडत राहिले.

सुभानराव कसे खाली उतरले, ते त्यांना नंतर आठवेना. हैबती जिवंत होता, पण त्याची कंबर मोडली होती आणि तोंडातून रक्त येत होतं. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला पाणी पाजायला गेले, तर ते गालावरून ओघळलं.

हैबती हळूच म्हणाला, "मामा, मला मघाशीच परत फिरायचं होतं."

सुभानराव म्हणाले, "मलाही."

हैबती त्यांच्याकडे बघत राहिला. काही वेळानं त्याची नजर तशीच थांबली. वरचा ढग निघून गेला होता आणि सगळी दरी उन्हात लखलखत होती.

जावयाला उचलून नेण्याएवढं बळ सुभानरावांच्या अंगात नव्हतं. त्याच्या तोंडावर उपरणं पांघरून ते एकटेच माघारी निघाले. उतरताना त्यांच्या मनात विचार येऊ लागले. सांगायचं की पोरगा ऐकेना. आपण नको म्हणत होतो, तोच हौसेनं पुढे गेला. कोणाला खोटं वाटणार नाही. जावयाचंही नाव होईल आणि आपलंही राहील.

सुळक्यावर निशाण दिसेना, म्हणून गावकरी खिंडीपर्यंत चालत आले होते. त्यांच्यात यमुनाही होती. बापाला एकट्याला येताना बघून ती जागीच थांबली. हैबती कातळावरून पडून गेला, एवढंच सुभानरावांनी सांगितलं. चार माणसं लगेच हैबतीला आणायला वर गेली. म्हातारा गुरव हात जोडून म्हणाला की निशाणापायी जीव दिला, मोठं वीराचं मरण आलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

यमुना रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "आबा, ते आपणहून वर गेले का?"

उत्तर तयार होतं. पाटलांनी तोंड उघडलं आणि लेकीकडे पाहिलं. तयार केलेले शब्द त्यांच्यानं बोलवेनात.

"नाही," ते म्हणाले. "तो भ्यायला होता. मीही भ्यायलो होतो. तो माझ्या शब्दाची वाट बघत होता, आणि मी त्याच्या."

लोक खाली बघू लागले. गुरवाला ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाला भित्रा म्हणू नये, असं तो पुटपुटला.

यमुना म्हणाली, "मोठे तुम्ही होता, आबा. तुम्ही एक शब्द बोलला असता, तर ते आत्ता माझ्यासमोर उभे असते."

सुभानराव तिथेच खाली बसले. खिंडीत वारा सुटला होता.

हैबतीला अग्नी दिल्यावर यमुना सासरी निघून गेली. सासू-सासऱ्यांचं करत ती तिथेच राहिली. सुभानरावांनी निरोप धाडले, एकदा ते स्वतः जाऊन दारात उभे राहिले. तिनं पाणी दिलं, भाकरी वाढली, पण ती बोलली नाही आणि माहेरी आली नाही.

पुढच्या दसऱ्याला गावातले काही तरुण निशाण घेऊन निघाले. सुभानराव पायथ्याशी बसले होते. त्यांनी कोणाला अडवलं नाही. फक्त म्हणाले, वर गेल्यावर ज्याला भीती वाटेल त्यानं मोठ्यानं सांगायचं, आणि एकानं जरी सांगितलं तरी सगळ्यांनी परतायचं. कातळाखाली एकानं भीती वाटते म्हटलं, आणि दुपार कलायच्या आत ते सगळे धडधाकट परत आले. त्या वर्षीही सुळका उघडाच राहिला. त्यावरून गावात कुजबुज झाली, काही जण पाटलांना तोंडावर टाकून बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं. परत आलेल्या एकेका तरुणाला ते निरखून बघत राहिले, आणि सगळे आपापल्या घरात शिरल्यावरच उठले.

तात्पर्य: भीती वाटण्यात कमीपणा नाही, ती लपवण्यात घात आहे, आणि जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या शब्दावर अवलंबून असतो, तिथे जो मोठा आहे त्यानं आधी बोलावं.