आधी कोंडा, मग पाणी

डोंगराच्या अर्ध्या उतारावर, जिथे एक बारीक झरा कातळातून बाहेर पडतो, तिथे एकदा एक वृद्ध आचार्य आश्रम करून राहत असत. झऱ्याचे पाणी आश्रमाच्या स्वयंपाकघरामागून वाहत खालच्या वाडीत जाई आणि तिथल्या दगडी टाक्यात साठे. वाडीतली सारी घरे त्या टाक्यावर पाणी भरत.

आचार्यांपाशी नरहर नावाचा एक प्रौढ शिष्य होता. पत्नी गेल्यावर तो आश्रमात आला. शास्त्र शिकायला आलो असे तो सांगे, पण पोथी उघडली की त्याचे लक्ष ओळीवर ठरत नसे. भांडी घासताना मात्र ठरे. म्हणून त्याने ते काम मागून घेतले होते. चुलीवरून कढई उतरली की तो तीत कढत पाणी ओती, साबण लावी, पुन्हा पाणी ओती. फेस झऱ्यातून दिसेनासा झाला की त्याला हलके वाटे.

एके सकाळी वाडीतली ठकूबाई रिकामी घागर घेऊन वर नरहरपाशी आली.

"महाराज, पुनवेला पुऱ्या होत्या वाटतं?"

"होत्या. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पाण्यानं सांगितलं. टाक्यावर असा तवंग आलाय, वात सोडली तर दिवा लागंल. जेवायला बोलावलं न्हाई त्याचा राग न्हाई, पण उष्टं तरी धाडू नका."

नरहर खजील झाला. "पुन्हा होणार नाही," तो म्हणाला.

"होऊ देऊ नका. गडी म्हणत्यात, येत्या उत्सवाला परत असंच झालं तर वर कातळापाशीच झरा फिरवायचा, आश्रमाला वळसा घालून. मी थोपवून धरलंय. फिरवला तर या वयात थोरल्या महाराजांना पाण्यासाठी डोंगर चढावा लागंल, ते काही बरं न्हाई."

नरहरने शब्द दिला. पण तो पाळायचा कसा, हे त्याला उमगेना. आधी त्याने साबण दुप्पट केला. खाली जाऊन पाहतो तर तवंग फुटलेला आणि त्याच्या जागी फेसाची साय धरलेली. तेव्हा तो आचार्यांकडे गेला.

"गुरुजी, यंदा उत्सवाला तळण नको. उकडीचं काहीतरी करू."

"डोंगर चढून आलेल्या माणसाला आपण पुरी वाढतो. ती त्याने वर्षभर आठवलेली असते," आचार्य म्हणाले. "ती कशाला काढून घ्यायची?"

"मग कढईतलं तेल जाईल कुठे?"

"तू कुठे धाडतोस?" एवढे विचारून आचार्य पुन्हा वाचू लागले.

उत्सवाचा दिवस आला. पंगती केळीच्या पानांवर उठल्या, पाने गोठ्यामागच्या खड्ड्यात गेली, आणि काळ्याभोर कढया, पातेली, झारे यांचा ढीग नरहरपुढे येऊन पडला. त्याने हंडाभर पाणी तापवून ठेवलेच होते. तेवढ्यात आचार्य आले. त्यांनी हंडा चुलीवरून उतरवायला लावला, झऱ्याकडे जाणाऱ्या पायरीवर आसन टाकले आणि हंडा शेजारी घेऊन वाट अडवून बसले.

"हं, घास आता."

"आणि पाणी?"

"पाण्यापाशी मी बसलोय."

"पाण्याशिवाय भांडी कशी निघतील, गुरुजी?"

"तेच बघायला बसलोय. ऊन लागतंय, फार वेळ लावू नकोस."

स्वयंपाकघरातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. नरहरला रागच आला. ज्या दिवशी शब्द राखायचा, त्याच दिवशी ही थट्टा. पण पाणी ओतता येत नव्हते, म्हणून तो नुसताच कढईकडे पाहत उभा राहिला. आणि आजवर पाहिली नव्हती अशी ती त्याला दिसली. कढई अजून कोमट होती. तळाशी बरेच तेल होते. ते त्याने फडक्यातून गाळून बरणीत भरले. फोडणीला चालणार होते. भाजीचे पातेले पुरीच्या तुकड्यांनी पुसले आणि तुकडे टाकवेनात म्हणून खाऊन टाकले. कढईचे अंग तरीही ओशट होते. त्याने इकडेतिकडे पाहिले. कणीक चाळून उरलेला कोंडा सुपात पडला होता. मूठभर कोंडा कढईत टाकून त्याने चोळला, तसा कोंडा तेल पिऊन जड झाला. तो गोठ्यात नेऊन ठेवताच गाईने घमेले चाटून पुसले.

दुसऱ्या कढईला त्याने हात घातला, तेव्हा एक बाई म्हणाली, "ती राहू द्या, दादा. तिच्यात थालीपीठं थापते. वेगळं तेल लागायचं नाही."

मागाहून नारळाची शेंडी आणि चुलीतली राख फिरवून सारी भांडी त्याने आचार्यांपुढे नेऊन ठेवली. आचार्यांनी एका कढईतून बोट फिरवले. बोटाला नुसती राख लागली.

"आता किती पाणी हवं?"

नरहरने अंदाज घेतला. "एवढ्या सगळ्याला एक कळशी पुरेल."

"घे. आणि भांडी विसळून ते पाणी केळीच्या आळ्यात ओत."

ओतून तो परत आला, तेव्हा आचार्य आसन झटकत होते. ते म्हणाले, "कढईला जे चिकटतं ते अन्नच असतं, नरहर. आपण त्याला खाणारा शोधत नाही, म्हणून त्याची घाण होते. गाय खाते, थालीपीठ खातं, उद्याची फोडणी खाते. एवढं करून उरेल ते पाण्याचं. तू मात्र आरंभीच पाणी ओतायचास. पाणी काहीच नाहीसं करत नाही रे, ते फक्त पुढच्याच्या दारी नेऊन ठेवतं. आधी आपल्या हातांनी पुसावं. पुसताना जरा बघणं होतं."

नरहरला आठवले, पत्नीच्या तेराव्याला तिच्या साऱ्या वस्तू त्याने एका टेम्पोत भरून धाकट्या मेहुणीकडे पोचत्या केल्या होत्या. एकही हाती घेऊन पाहिली नव्हती.

ऊन कलल्यावर ठकूबाई आली. या खेपेला घागर नव्हती.

"उत्सव पुढं ढकलला व्हय?"

"नाही, आजच झाला."

"पुऱ्या?"

"होत्या."

"मग भांडी घासायची ऱ्हायली असतील."

नरहरने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे कढया ओळीने पालथ्या घातल्या होत्या. ठकूबाईने एक उलटून आत पाहिले, वास घेतला, आणि झऱ्यात हात बुडवून ओंजळभर पाणी प्याली.

"गडी खाली कुदळी घिऊन बसल्यात," ती तोंड पुसत म्हणाली. "सांगते त्यांना, घरी जा म्हणावं."

"जरा थांबा," नरहर म्हणाला. "थालीपीठं गरम आहेत. त्यांच्यासाठीही न्या."

केळीच्या पानात थालीपीठे बांधताना त्याच्या मनात आले, की मेहुणीला एक पत्र टाकावे. निदान एकदा जाऊन यावे.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या मोरीमागून झरा वाहतो. पण कुठल्याही मोरीतले पाणी कुणाकडे तरी निघालेलेच असते.