शेळीने दाखवलेली भाजी

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात घाटावरची एक मुलगी सून म्हणून आली. तिचं नाव येसू. त्याच वर्षी उधाणाने बांध फोडला. खारं पाणी शेतात शिरलं आणि सगळं भात करपलं. हिरवी राहिली ती फक्त जमिनीलगत पसरणारी, जाड पानांची रानटी झुडपं.

"तण आहे ते," सासू म्हणाली. "तोंडात धरवत नाही, इतकं खारट."

"पण आपली शेळी रोज खाते."

"शेळीला पचतं ते माणसाला पचेलच असं नाही, पोरी."

येसूला ते पटलं, पण चैन पडेना. तिने एक पान चावून खाल्लं आणि दोन दिवस वाट पाहिली. काही त्रास झाला नाही. तिसऱ्या दिवशी तिने टोपलीभर पानं आणून भाजी केली. सासऱ्यांनी एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"पुढच्या पौर्णिमेला सगळ्यांनी गाव सोडायचं ठरलंय," ते म्हणाले. "हे प्रयोग आता पुरेत."

येसू ओशाळली. तरी दुसऱ्या दिवशी ती शेळीच्या मागे मागे फिरली. शेळी जून पानांना तोंड लावत नव्हती, फक्त कोवळे शेंडे खुडत होती. पोट भरलं की थेट टेकडीवरच्या तळ्याकडे जाऊन पोटभर गोडं पाणी पीत होती.

येसूने मग नुसते शेंडे खुडले. तळ्याच्या पाण्यात उकळले, ते पाणी ओतून टाकलं, भाजी घट्ट पिळली आणि लसणाची फोडणी दिली.

सासऱ्यांनी भाजी खाल्ली आणि पुन्हा मागितली. "आज मीठ बेताचं घातलंस."

"घातलंच नाही, मामंजी."

सकाळी सासू टोपली घेऊन दारात उभी होती. "कोणते शेंडे खुडायचे, ते मला दाखव," ती म्हणाली.

आठवड्याभरात घराघरांत ती भाजी शिजू लागली. भाजी आणि मासळी यांवर गावाने दिवस काढले, बांध पुन्हा घातला. दोन पावसाळ्यांनी जमिनीतला खार धुऊन नेला आणि शेतात भात उभं राहिलं. पौर्णिमेला गाव सोडून कोणीच गेलं नव्हतं.

तात्पर्य: एखादी गोष्ट निरुपयोगी म्हणून टाकण्याआधी ती नीट, धीराने पाहावी, आणि पहिल्यांदा चुकलं तर आणखी बारकाईने पाहावी.