बस्त्याव तरीवाल्याचा रविवार

फार फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पल्याडचा माणूस हाक मारूनच होडी बोलवायचा, तेव्हा आमच्या गावात बस्त्याव नावाचा तरीवाला होता. अंधारातच तो घर सोडायचा आणि मुलं निजल्यावर परतायचा. धाकटी लेक त्याला ‘रविवारचा बा’ म्हणायची, कारण तिला तो रविवारीच दिसायचा.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तो होडी वाळूत पालथी घालायचा. मग दिवसभर घरातच. मुलांच्या डोक्याला खोबरेल चोळायचा, बायको रेमेदी हिच्याजवळ चुलीपाशी बसून मासळी साफ करायचा, सगळी एकत्र जेवायची. आठवडाभर रेमेदी त्या एका दिवसाची वाट बघायची. बाकीच्या घरांत मात्र मिस्सेहून आलं की विहिरीवरचे रहाट सुरू व्हायचे, आणि बाप्ये पाणी लावायला बागेत जायचे.

एका रविवारी वादळी वारा सुटला होता. पानं वाढली होती, प्रार्थना झाली होती, तेवढ्यात पल्याडून हाक आली. एक बाई अडली होती आणि सुईण होती अल्याड. बस्त्यावने रेमेदीकडे पाहिलं. दिवस देवाचा होता, आणि तिचाही.

“जा,” रेमेदी म्हणाली. “तुमचं पान झाकून ठेवते.”

बाईला अल्याड आणायला गेलेली होडी परत आली तेव्हा वाटेतच जन्मलेलं बाळ आईच्या कुशीत रडत होतं आणि वल्ह्यांवर कोणीच नव्हतं. मधल्या धारेत लाट आली, तिने तरीवाल्याला नेलं, एवढंच त्या बाईला आठवत होतं. वल्ही मात्र थांबली नाहीत. ओहोटी समुद्राकडे ओढत असताना होडी एकटीच किनाऱ्याला आली, असं म्हणतात.

त्यानंतर दर रविवारी जेवणवेळेला रेमेदी धक्क्यावर जाऊन बसायची. लांबून वल्ह्याचा आवाज येतोय असं तिला वाटायचं, पण रहाटांच्या करकरीत तो विरून जायचा. शेवटी ती घरोघर गेली. कुणाला बोल लावला नाही.

“रविवारी दुपारी रहाट थांबवा,” एवढंच म्हणाली. “मला त्यांचं वल्हं ऐकू येत नाही.”

आधी शेजाऱ्याने रहाट थांबवला, मग त्याच्या शेजाऱ्याने. जनावरं सावलीला बसली. काम नाही म्हणून बाप्ये घरी राहिले, आणि मुलं त्यांच्या मांडीवर चढली. त्या शांततेत रेमेदीला वल्हं ऐकू आलं, असं म्हणतात. ते जवळ जवळ यायचं, पण किनाऱ्याला कधी लागायचं नाही. म्हातारी होईपर्यंत ती ऐकत राहिली.

आता रहाट गेले, पंप आले. तरी रविवारी दुपारी गावात एकही पंप चालत नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेत बस्त्यावचं नाव घेतात आणि सगळी क्षणभर गप्प होतात. ज्या घरचं माणूस आखातात किंवा जहाजावर असतं, त्या घरची बाई तेव्हा दार उघडून खाडीकडे कान लावते. काय ऐकू आलं, असं तिला कुणी विचारत नाही.