मरळीने मागितलेला उतार

फार वर्षांपूर्वी नदीकाठची खडी उपसून माणसं निघून गेली आणि मागे उभ्या काठांचा एक खोल खड्डा उरला. पुराच्या पाण्याबरोबर काही मासे आणि एक मरळ मासळी त्यात येऊन पडली. दोनदा तिने अंडी घातली आणि दोन्ही वेळा लाटांनी ती उधळून टाकली, कारण आडोशाला गवताची काडीसुद्धा नव्हती.

एका उन्हाळ्यात चांदी म्हैस काठावर येऊन थबकली. "पाणी दिसतंय, पण उतरू कशी गं?"

"खुरांनी काठ फोड ना, चांदीबाई," मरळ म्हणाली.

"अगं, पाणी गढूळ होईल!" बाकीचे मासे ओरडले.

"होईल, आणि निवळेलही."

उन्हाळाभर म्हैस काठ तुडवत राहिली आणि मासे मरळीला बोल लावत राहिले. मनातून तीही धास्तावली होती. पण काठाला उतार आला आणि पावसात तिथल्या उथळ पाण्यात लव्हाळा उगवला. त्याच्या आडोशाला मरळीने पुन्हा अंडी घातली.

पिल्लांचा तांबूस घोळका पहिल्यांदा बाहेर पडला, तेव्हा चांदी पाण्यात शिरतच होती. उचललेला पाय तिने तसाच अधांतरी धरला.

"आधी तुझी लेकरं जाऊ देत गं," ती म्हणाली. "मला कुठं घाई आहे!"