पोकळ बेहडा

घाटाच्या पायथ्याशी दोन गावं होती, वरची वाडी आणि खालची वाडी. चुरस एकाच गोष्टीची: शिमग्याला कुणाचा ढोल जास्त घुमतो. खालच्यांनी आपल्या राईतली जुनी पोकळ झाडं ढोलांपायी एकेक करून संपवली होती. पोकळ खोड म्हणजे अर्धा तयार ढोलच की.

वरच्या वाडीत नेम होता, राईतलं जिवंत झाड तोडायचं नाही. पण त्या वर्षी त्यांचा ढोल चिरला. गावचा प्रमुख म्हणाला, "पोकळ झाड कसलं जिवंत? घ्या राईतला तो पोकळ बेहडा."

ढोल बनवणारा आला. पक्का धंदेवाला, माल वाजवून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याने कुऱ्हाडीची पाठ खोडावर आपटली.

आतून उलट टोला आला.

अर्धं गाव मागे सरलं. "देव जागा झाला," कुणी पुटपुटलं.

"देवाला चोच असते होय?" प्रमुखाची आई म्हणाली. वर खोडाच्या फटीतून जाडजूड पिवळी चोच डोकावत होती. "धनेशाची मादी आहे ती. अंडी घालायची म्हणून ढोलीचं तोंड लिंपून आत कोंडून घेतलंय तिने. नर बाहेरून फळं भरवतो."

"मग हळूच बाहेर काढू तिला," ढोलवाला म्हणाला, "आणि झाड पाडू."

"आत बसून तिची पिसं झडलीत. उडेल कशी? पिल्लाचं काय?"

"आई, शिमगा तोंडावर आलाय. खालचे हसतील," प्रमुख म्हणाला.

"हसू देत. कुणाच्या हसण्याने आपण मरत नाही. झाड पडलं तर ती मरेल."

प्रमुखाने ढोलवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. शिमग्याला वरची वाडी पत्र्याचे डबे बडवत निघाली. खालच्यांना तेवढंच हवं होतं. "काय हो, तेल आणायला चाललात का?"

वैशाखात एका सकाळी ते लिंपण फुटलं. भाकऱ्या तव्यावर टाकून माणसं राईत धावली. आधी मादी बाहेर आली. मग पिल्लू काठावर आलं, डगमगलं, आणि त्याने झेप घेतली. नर-मादी दोघं त्याच्यामागे उडाले. पंखांचा असा घुमारा उठला की खालच्या वाडीची माणसंसुद्धा चढून वर आली.

त्यांच्यातला म्हातारा ढोलकरी बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला. "पूर्वी आमच्याकडेही यायचे हे. आता का येत नाहीत?"

प्रमुखाची आई हळूच म्हणाली, "बाबा, त्यांचं घर तुम्ही गळ्यात अडकवून वाजवताय."

तात्पर्य एवढंच: रानातलं झाड आपल्या कामाचं की बिनकामाचं हे ठरवण्याआधी, त्यात कोण राहतं ते बघावं.