मधली घोडशीर

अंगातले अवयव आपापसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. नारळ पाडणारे दाजी बोवलेकर माडावर चढण्याआधी पायांना तेल चोळत. पोटरीला चोळत, भेगाळलेल्या टाचेला चोळत. दोघींना जोडणाऱ्या, दोरीसारख्या घोडशिरेला मात्र कधीच नाही.

पोटरी टाचेला म्हणायची, "मी ओढते, तू पाय उचलतेस. ही मधली कोरडी बया करते काय?"

टाच म्हणायची, "नुसती ताणून बसते."

त्यांचं हे बोलणंही घोडशीरच इकडून तिकडे पोचवायची. झिजत आली होती, तरी पोचवायची.

एका सकाळी माडाला पाय लावताच ती तुटली. पोटरीने जीव खाऊन ओढलं आणि स्वतःच गोळा होऊन वर सरकली. टाच जागची हलली नाही. दाजी मटकन खाली बसले.

"लवकर जुळ गं बाई!" पोटरी विनवू लागली.

"तुझ्यात रक्त खेळतं, माझ्या वाट्याला थेंबभर येतं," घोडशीर म्हणाली. "धागा धागा विणायचाय. वेळ लागेल."

घाबरून पोटरीने टाचेला हाक मारली, "अगं, तू तरी बोल!"

हाक टाचेपर्यंत पोचलीच नाही.