घाटातली डुलकी

एकदा एका शिष्येने आपल्या गुरूंची प्राणप्रिय मोटार घाटातल्या दगडी कठड्यावर नेऊन धडकवली.

गुरू म्हणजे कुणी मठातले साधू नव्हेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. उभे आयुष्य धरणांच्या कामांवर आणि घाटरस्त्यांवर गेले. त्या जुन्या संस्थानी गावात सगळे त्यांना तात्या म्हणत. वडिलांनी हौसेने घेतलेली मोरपंखी रंगाची मोटार तात्यांनी पुढे स्वतःच्या हातांनी सांभाळली. तिचे इंजिन त्यांनी कितीदा उतरवले आणि चढवले याची गणती त्यांच्या पत्नीने केव्हाच सोडून दिली होती. पण म्हातारपणी काचबिंदूने दृष्टी आक्रसली आणि डॉक्टरांनी वाहन चालवायला साफ मनाई केली.

शिष्येचे नाव रेवती. स्थानिक महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवी. तिच्याकडे एक जुनी लहानशी गाडी होती. तिचे ऑइल ती स्वतः बदले, प्लग स्वतः साफ करी, आणि वर्गावर गेल्यावर नखांतले ग्रीस खडूच्या भुकटीखाली झाकले जाई. एका सकाळी तात्यांच्या फाटकाशी ती थबकली. आत मोरपंखी मोटार नुसतीच सुरू ठेवली होती.

"एक सिलिंडर अडखळतोय का हो?" तिने बाहेरूनच विचारले.

तात्यांनी मान वर करून पाहिले. गेले कित्येक दिवस त्यांच्याही मनात तोच संशय होता. ते एवढेच म्हणाले, "फाटक उघडंच आहे. आत ये."

अशी ती शिष्या झाली. जुन्या मोटारीची विद्या सोपी नसते. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि मध्ये अ‍ॅक्सिलरेटरला नेमका तेवढाच झटका द्यावा लागतो. चुकले तर दातेरी चाके अशी किंचाळतात की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. रेवतीने ती किंचाळी पुष्कळ ऐकली, आणि मग एक दिवस गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. त्या दिवशी ती घरी गाणे म्हणत गेली.

त्या गावात दरवर्षी हिवाळ्यात जुन्या मोटारींचा मेळा भरे. सगळ्या मोटारी पायथ्यापासून घाट चढून माथ्यावरच्या मैदानात जात. जी मोटार वाटेत कुठेही न थांबता माथा गाठी, तिच्या चालकाला मानाचा फेटा बांधत. तात्यांच्या मोटारीने हा मान कधी मिळवला नव्हता. घाटाच्या अखेरच्या टप्प्यात घोड्याच्या नालेसारखे एक वळण होते. तिथे चढ अंगावर येई आणि दरवर्षी त्यांची मोटार तिथेच दम टाकी.

मेळ्याच्या आधी सरावासाठी म्हणून दोघे घाटात गेले आणि त्याच वळणावर तो प्रसंग घडला. रस्त्यावर बारीक खडी पसरली होती. रेवतीने घाईने ब्रेक दाबला, चाके घसरली, आणि मोटारीचे नाक कठड्यावर आपटले. दोघांना खरचटलेसुद्धा नाही. पण मडगार्ड चेपले, दिवा फुटला, आणि रेडिएटरमधून पाण्याची धार लागली.

रेवती स्टिअरिंगवर डोके टेकून बसून राहिली. तात्या खाली उतरले, वाकून सगळे पाहिले आणि म्हणाले, "चेसिस सरळ आहे. उद्या सकाळी लवकर ये. काम बरंच आहे."

काम खरेच बरेच होते, आणि सांगायला हवे की ते दिवस दोघांच्याही आनंदाचे गेले. मडगार्ड लाकडी ठोकळ्यावर ठेवून रेवतीने ते स्वतः ठोकले. आधी कसेबसे, मग ठेक्यात. दिव्याची नवी कडी तांबट आळीतल्या कारागिराने घडवून दिली. रेडिएटरची गळती झाळून बुजवली. रंगाची छटा जमेना, तेव्हा तात्यांच्या पत्नीने आपल्या लग्नातला मोरपंखी शालू बाहेर काढला आणि त्या म्हणाल्या, "हा घ्या नमुना. गाडी घेतली तेव्हा सासऱ्यांनी याच्यावरूनच रंग निवडला होता." रंग जमला. मोटार पूर्वीपेक्षा देखणी झाली.

मोटार दुरुस्त झाली, चालवणारी मात्र झाली नव्हती.

गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावरसुद्धा वळण दिसले की रेवतीचे खांदे ताठ होत. गाडी बैलगाडीच्या चालीने वळण घेई. गिअर पुन्हा किंचाळू लागले. शेजारी बसलेले तात्या म्हणत, "छान. घाबरू नकोस. अगदी छान." पण प्रत्येक वळणाला तिचे लक्ष नकळत त्यांच्याकडे जाई, आणि गाडी आणखी मंद होई.

गावात शांतिलाल शेठ म्हणून एक सज्जन व्यापारी होते. जुन्या मोटारींचा त्यांनाही शौक होता. त्यांनी पेढीशेजारी काचेचे मोठे दालन बांधून त्यात आपल्या मोटारी मांडल्या होत्या. ते तात्यांना म्हणाले, "तात्या, तुमच्या जिवाला किती घोर? मेळ्यात माझा ड्रायव्हर गाडी नेईल. आणि पुढे ती माझ्या दालनात ठेवा. फुलासारखी जपीन."

तात्या म्हणाले, "शेठ, तुमचं म्हणणं खोटं नाही. उभी राहून गंजण्यापेक्षा तुमच्याकडे बरी. मेळ्यात ती रेवतीच्या हातून चढली नाही, तर त्याच दिवशी तुमच्या ताब्यात देतो."

हे रेवतीच्या कानावर गेले. त्या दिवशी मोटार पुसताना तिचा हात बॉनेटवर नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळला.

मेळ्याची सकाळ उजाडली. घाटाच्या पायथ्याशी मोटारी रांगेत उभ्या होत्या. शेजारीच न्याहारीचा मांडव होता. तात्या मिताहारी म्हणून प्रसिद्ध; सकाळी अर्धी भाकरी आणि ताक, याउप्पर काही नाही. त्या दिवशी मात्र ते पाटावर मांडी ठोकून बसले, गरम पुऱ्या मागून घेतल्या आणि बासुंदीच्या वाटीमागून वाटी रिचवत राहिले. वाढणारा थकला.

"तात्या, गाडीत त्रास होईल हं," रेवती काळजीने म्हणाली.

"होऊ दे," तात्या म्हणाले. मग हात धुऊन ते मोटारीजवळ आले, पुढचे दार ओलांडून गेले आणि मागच्या आसनावर जाऊन बसले.

तात्या नेहमी शेजारी बसत. आज मागे? रेवतीला वाटले, यांनी आशा सोडली. गाडी शेठकडे जाणार हे त्यांनी मनाशी धरले आहे, म्हणून शेवटचे एकदा पाहुण्यासारखे बसून घेत आहेत. तिने विचारले, "पुढे नाही बसत?"

"मागे पाय पसरता येतात. चल, झेंडा हलला बघ."

मोटार निघाली. पहिली काही वळणे रेवती जीव मुठीत धरून चढली. मागे तात्या काय पाहत असतील, हाच विचार. ते आता खाकरतील, सीटची कड घट्ट धरतील, "सावकाश" म्हणतील. पण मागून काहीच आवाज येईना. आणि मग आला तो असा, की तिने दचकून आरशात पाहिले.

तात्या घोरत होते. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, टोपी एका कानावर आलेली.

रेवतीला हसू फुटले. ते आवरेना. हसता हसता तिचे खांदे कधी खाली आले तिला कळले नाही, आणि इतक्या दिवसांत प्रथमच तिला इंजिन ऐकू आले. ते छान चालले होते. तिच्या मनात आले, या गाडीत आता जागी असलेली मी एकटीच. रस्ता माझा, मोटार माझी, आणि झोपलेला हा म्हाताराही माझ्याच भरवशावर.

तिने गती वाढवली. मोटारीनेही मान्य केले. दरीतून वारा वर येत होता, करवंदीच्या जाळ्या मागे पडत होत्या, काही ठिकाणी माणसे रस्त्याकडेला उभी राहून ओरडत होती. आणि नालेचे वळण आले.

वळणाच्या ऐन तोंडाशी दुसऱ्या गावची एक भलीथोरली मोटार वाफा सोडत आडवी थांबली होती. आतल्या बाजूने वाट नव्हती. उरली ती बाहेरची, कठड्याजवळची. त्याच कठड्याजवळची, जिथल्या दगडावर अजून मोरपंखी रंगाचा ओरखडा दिसत होता. थांबले तर मान गेला, आणि मोटारही गेली. त्या चढावर थांबलेली मोटार पुन्हा उचलत नसे.

रेवतीने भोंगा दाबला. रस्त्यात उभी असलेली माणसे बाजूला झाली. तिने क्लच दाबला, सोडला, इंजिनला एक हुंकार दिला, पुन्हा क्लच दाबला. पहिला गिअर आवाज न करता बसला. चाक कठड्याशेजारून वीतभर अंतराने गेले. मोटार कण्हली, थरथरली, क्षणभर आता थांबते असे वाटले, पण थांबली नाही. वळण मागे पडले. थांबलेल्या मोटारीच्या मालकानेच पाणी ओतता ओतता झारी उंचावून आरोळी ठोकली, "जा पोरी जा! आता कुणी अडवत नाही तुला!"

त्यानंतरचा रस्ता रेवतीला आठवत नाही. आठवतो तो माथा. झाडी अचानक संपली, आभाळ मोठे झाले, आणि मैदानातले शेकडो लोक एकदम उठून उभे राहिले. हलगी कडाडली. मोरपंखी मोटार कमानीखालून गेली तेव्हा रेवती भोंगा वाजवत होती, रडत होती आणि हसतही होती. लोकांनी तिला दाराबाहेर जवळजवळ उचलूनच घेतले. पंचांनी भगव्या रंगाचा फेटा तिच्या डोक्याला बांधला, शेमला खांद्यावर सोडला, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मागच्या आसनावर हालचाल झाली.

तात्यांनी डोळे चोळले. "आलो का?" त्यांनी विचारले.

शांतिलाल शेठ टाळ्या वाजवत पुढे आले होते. रेवतीचे त्यांनी मनापासून अभिनंदन केले. पण तात्यांना पाहून त्यांना राहवेना. "अहो तात्या, कमाल केलीत! ज्या गाडीत तुमचा जीव अडकलाय, ती आयुष्यात पहिल्यांदा न थांबता घाट चढत होती, आणि तुम्ही घोरत होता?"

तात्यांनी टोपी सरळ केली. ते म्हणाले, "शेठ, जीव अडकलाय हीच तर अडचण होती. अपघातानंतर मी हिच्या शेजारी बसायचो. तोंडानं म्हणायचो, घाबरू नकोस. पण वळण आलं की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. माझ्या बाजूला ब्रेक नाही, नुसता पत्रा आहे. तरी तो ब्रेक लागायचा. गाडीला नाही, हिच्या मनाला. तोंडाला शिकवता येतं, शेठ; पायाला नाही. डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं असतं तर हिनं आरशात ओळखलं असतं, आणि ते ओझं आणखी जड झालं असतं. मला खरीच झोप हवी होती. या वयात ती सहजी येत नाही. म्हणून बासुंदी."

भोवतालचे लोक हसले. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारले, "आणि गाडी पुन्हा आदळली असती तर?"

"तर पुन्हा ठोकून सरळ केली असती. पत्रा सरळ होतो. माणसाचा हात एकदा आखडला, की तो सरळ करायला हातोडी मिळत नाही."

रेवतीने खाली वाकून तात्यांच्या पायांना हात लावला, आणि मोटारीची किल्ली त्यांच्यापुढे धरली. तात्यांनी तिची मूठ तशीच मिटवली.

शेठनी मोटारीच्या ठोकून सरळ केलेल्या मडगार्डवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "तात्या, माझा थोरला आता पेढीवर बसतो. हुशार आहे. पण तो गिऱ्हाइकाशी बोलायला लागला, की मी शेजारून खाकरतो."



त्याच आठवड्यात पेठेतल्या लोकांनी एक नवल पाहिले. शेठच्या काचेच्या दालनाचे दार सताड उघडले, आतली एक जुनी मोटार फटफट करत बाहेर पडली, आणि शेठ पत्नीला शेजारी बसवून नदीच्या रस्त्याने निघाले. पेढीवर थोरला एकटा होता. एक अवघड गिऱ्हाईक आले, घासाघीस झाली, सौदा तुटेतुटेपर्यंत ताणला गेला. कुणी खाकरले नाही. सौदा झाला.